स्तरानुसार अध्यापन

स्तरानुसार अध्यापन : इयत्ता किंवा वय न पाहता, मुलाला आज काय वाचता येते आणि कोणते गणित जमते ते पाहून शिकवण्याची पद्धत. प्राथमिक शाळेत, मुख्यतः तिसरी ते पाचवीच्या मुलांसाठी, दिवसातले एक-दोन तास इयत्तांचे वर्ग मोडून स्तरांप्रमाणे गट पाडले जातात. वाचन आणि अंकगणित एवढेच या तासांत शिकवायचे. जिल्ह्यातील मुलांची संपादणूक वाढवणे आणि एकाच वर्गातल्या पुढच्या व मागे राहिलेल्या मुलांमधील अंतर कमी करणे, असे तिचे दुहेरी उद्दिष्ट आहे. ‘प्रथम’ या संस्थेच्या मुंबईतील कामातून १९९० च्या दशकापासून ती आकाराला आली.

हे अंतर पडते कसे, ते कोणत्याही जिल्हा परिषद शाळेच्या चौथीच्या वर्गात दिसते. एक मुलगी धडा घडाघडा वाचते, दुसरा जोडाक्षरापाशी अडखळतो आणि मागच्या रांगेतल्या एकाला ‘म’ आणि ‘भ’ यांतला फरकही नीट ओळखता येत नाही. तिघांच्या हातात पुस्तक मात्र एकच. गुरुजी शिकवतात ते पुस्तक, म्हणजे प्रत्यक्षात त्या पहिल्या मुलीला. पहिलीत अक्षरे पक्की न झालेल्या मुलाला दुसरीचे पुस्तक परके, तिसरीचे आणखी परके, आणि चौथीपर्यंत तो ‘ढ’ ठरलेला असतो. २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम २४ या संदर्भात मुद्दाम वाचण्यासारखे आहे. शिक्षकाने ठरलेल्या मुदतीत संपूर्ण अभ्यासक्रम पूर्ण करावा, असे ते सांगते. प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासून गरजेप्रमाणे जादा शिकवावे, हेही तेच कलम सांगते. तपासणीला येणारे साहेब बहुधा पहिलेच विचारतात. त्यामुळे ‘पोर्शन’ पूर्ण होतो आणि मूल मागे राहते.

स्तर ठरवण्याची चाचणी एका कागदावर मावते. पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट, काही सोपे शब्द आणि काही सुटी अक्षरे. मुलाला एकेकटे बसवून आधी परिच्छेद वाचायला देतात. तो जमला तर गोष्ट, नाही जमला तर शब्द. पाचपैकी चार शब्द बरोबर आले तर मूल ‘शब्द’ स्तरावर, नाहीतर अक्षरांकडे वळायचे. ज्याला चार अक्षरेही ओळखता येत नाहीत ते ‘प्रारंभिक’. गणितात अंकओळख, हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे, असे टप्पे असतात. एका मुलाला काही मिनिटेच लागतात आणि निकाल तिथेच कळतो. २००५ पासून ग्रामीण भारतात घरोघरी होणारी ‘असर’ पाहणी हेच साधन वापरते. तिच्या आकड्यांनुसार दुसरीचा मजकूर वाचू शकणाऱ्या पाचवीच्या मुलांचे प्रमाण देशात २०१८ मध्ये ५०.५ टक्के होते. करोनाकाळात शाळा बंद राहिल्यानंतर २०२२ मध्ये ते ४२.८ वर घसरले आणि २०२४ मध्ये ४८.८ पर्यंत आले. म्हणजे सर्वांत बऱ्या वर्षीही निम्मी मुले तीन इयत्ता मागेच होती.

गटाचा तास नेहमीच्या तासासारखा नसतो. मुले जमिनीवर गोल बसतात. शिक्षक गोष्ट वाचतात, मुले बोट ठेवून मागोमाग वाचतात, मग गोष्टीवर गप्पा होतात. ज्याला एकही शब्द वाचता येत नाही त्यालाही गप्पांत वाटा मिळतो. अक्षर स्तरावरच्या गटात बाराखडीचा तक्ता रोज म्हटला जातो : आडव्या ओळीत क, का, कि, की, मग उभ्या ओळीत का, खा, गा, मग तक्त्यावर बोट फिरवून ‘काका’, ‘मामा’, ‘गाडी’ असे शब्द मुलेच शोधतात. देवनागरीतली बाराखडी इतकी शिस्तीत बसवलेली आहे की तिचा सांधा एकदा कळला की मूल दोन-चार आठवड्यांत शब्दांवर येऊ शकते. गणितात दशकाचे गठ्ठे आणि सुट्या काड्या, किंवा खेळातल्या नोटा. हातचा घेणे म्हणजे गठ्ठा सोडणे, हे काडीने समजते. फळ्यावरच्या आकड्याने ते समजत नाही. दर काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी होते आणि मूल पुढच्या गटात जाते.

पद्धतीची पहिली मोठी कसोटी ‘बालसखी’ कार्यक्रमात लागली. वस्तीतल्याच, शाळा शिकलेल्या तरुण मुलींना थोडे प्रशिक्षण देऊन तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुले त्यांच्याकडे रोज दोन तास सोपवली जात. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि ली लिंडेन या अर्थशास्त्रज्ञांनी २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदरा येथील महापालिका शाळांत त्याचे यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे बालसखी कोणत्या वर्गाला मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवून, मूल्यमापन केले. निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. गुणांतील वाढ पहिल्या वर्षी ०.१४ आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ प्रमाण विचलन (मुलामुलांच्या गुणांतल्या सर्वसाधारण तफावतीवरून काढलेले माप) इतकी होती आणि तिचा मोठा भाग सर्वांत मागच्या मुलांच्या वाट्याला आला. यापेक्षाही बोलका निष्कर्ष सहसा सांगितला जात नाही. ही मुले बाहेर गेल्यावर मूळ वर्गात गर्दी कमी झाली, तरी तिथे उरलेल्यांचे गुण काही वाढले नाहीत. पटसंख्या घटवली की शिक्षण आपोआप सुधारते, या समजाला त्याने धक्का दिला. वर्षभराने पाहिले तेव्हा लाभाचा बराचसा भाग ओसरला होता, हेही नोंदवायला हवे. (बॅनर्जी आणि डुफ्लो यांना मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. बॅनर्जींचा जन्म मुंबईचा आणि आई निर्मला या माहेरच्या पाटणकर, म्हणून मराठी वर्तमानपत्रांनी तेव्हा त्यांना हक्काने आपले म्हटले.)

स्वयंसेवकांकडून होते ते नेमलेल्या शिक्षकाकडून होईल का, हा खरा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर टप्प्याटप्प्याने मिळत गेले. बिहारमध्ये २००८ च्या उन्हाळी शिबिरात सरकारी शिक्षकांनी मुलांना चांगले पुढे नेले. शाळा सुरू झाल्यावर त्याच शिक्षकांना तेच प्रशिक्षण आणि साहित्य दिले, पण काही फरक पडला नाही. सुट्टीत पुस्तक पूर्ण करायची टांगती तलवार नसते, एवढाच काय तो भेद. हरयाणात २०१२-१३ मध्ये हा धडा वापरला गेला : रोज एक तास केवळ याच कामासाठी राखला, मुलांचे गट इयत्ता मोडून केले आणि जवळच्या शाळांवर लक्ष ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांना आधी स्वतः काही दिवस वर्गात उभे राहून शिकवायला लावले. हिंदी वाचनात ०.१५ प्रमाण विचलनाची वाढ झाली; गणितात झाली नाही. उत्तर प्रदेशात शिक्षकांवर विसंबणे अवघड दिसले. तिथे ‘प्रथम’च्या कार्यकर्त्यांनी शाळेच्या वेळेतच दहा किंवा वीस दिवसांची शिबिरे घेतली आणि वाढ हरयाणापेक्षा कितीतरी मोठी निघाली.

हे प्रयोग एकत्र पाहिले तर जिल्ह्यासाठी निर्णायक दुवा शिक्षकाच्या एक पायरी वर असल्याचे दिसते. महाराष्ट्रात तो दुवा म्हणजे आसपासच्या काही शाळांवर देखरेख करणारा केंद्रप्रमुख. शिक्षणाधिकारी, गटशिक्षणाधिकारी, बीटचे (तालुक्यातल्या शाळांच्या एका विभागाचे) विस्तार अधिकारी या उतरंडीत शाळेच्या सर्वांत जवळचा माणूस तोच. वर्गात बसून मुलाला वाचायला लावणे हे त्याचे काम असले तरी त्याचा बहुतेक दिवस माहिती गोळा करून पुढे पाठवण्यात जातो, आणि ही पदे वर्षानुवर्षे मोठ्या संख्येने रिकामी राहिली आहेत. राज्याने २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम हाती घेतला, पायाभूत चाचण्या सुरू केल्या, आणि पुढे ‘अध्ययन स्तर निश्चिती’त मुलांची नोंद प्रारंभिक, अक्षर, शब्द अशा स्तरांवर होऊ लागली. केंद्राच्या २०२१ च्या ‘निपुण भारत’ अभियानानेही पायाभूत वाचन व संख्याज्ञान हेच ध्येय धरले. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटच्या शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक जात. तेथील रचनावादी वर्गाची, म्हणजे मुलांनी स्वतः करून पाहून ज्ञान घडवण्याची, वाट निराळी होती, पण विस्तार अधिकारी स्वतः वर्गात उतरल्या हे तिथेही महत्त्वाचे ठरले.

धोका आकड्यांच्या वापरात आहे. स्तराची नोंद गट पाडण्यासाठी असते तोवर शिक्षक ती खरी भरतो. तिच्यावरून शाळेची पत ठरू लागली की ‘अप्रगत’ मुले कागदावर भराभर प्रगत होतात. दुसरा आक्षेप तुकड्यांचा. ‘अ’ तुकडी हुशारांची आणि ‘ड’ तुकडी बाकीच्यांची, हा अनुभव मराठी घरांना चांगलाच ठाऊक आहे. पद्धतीचे समर्थक सांगतात की तुकडी वर्षभर चिकटते, गट काही आठवड्यांत बदलतो आणि बाकीचा दिवस सगळी मुले आपापल्या वर्गातच असतात. फेरचाचणी वेळच्या वेळी झाली तरच हे उत्तर टिकते. ती राहिली, तर पाचवीतला मुलगा धाकट्या बहिणीसोबत वर्षभर बाराखडी म्हणत बसतो आणि मग शाळेलाच येईनासा होतो. तिसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे : वाचन-अंकगणितापुरती महत्त्वाकांक्षा ठेवून गरिबांच्या मुलांना किमान शिक्षणावर भागवायला सांगितले जाते काय? याला प्रयोगांनी उत्तर दिलेले नाही, आणि प्रयोगांनी देता येईल असा तो प्रश्नही नाही.

भारताबाहेर ही पद्धत प्रामुख्याने आफ्रिकेत पसरली. झांबियाच्या सरकारने ती ‘कॅच अप’ या नावाने स्वीकारली. इकडे तिची मर्यादा पाचवीच्या पुढे जाणवते. माध्यमिक शाळेत विषयवार शिक्षक असतात, दहावीचे वेळापत्रक असते, आणि नववीतल्या मुलाला वाचायला शिकवणे हे नेमके कोणाचे काम, याला उत्तरच नाही. ‘असर’च्या २०२३ च्या पाहणीत १४ ते १८ वयोगटातल्या सुमारे २५ टक्के मुलामुलींना आपल्या भाषेतला दुसरीचा मजकूर सरळ वाचता आला नाही आणि तीन अंकी भागाकार जमणारे होते ४३.३ टक्के.