‘पासिंग झालं की डीलर सुटला’ हे खरं नाही

नव्या मोटरसायकलचं इंजिन ठकठकायला लागलं की शोरूममध्ये ठरलेलं उत्तर मिळतं: ‘नंबर पडला, आता आमच्या हातात नाही, कंपनीला मेल करा.’ आरटीओत नोंदणी झाल्याने डीलर मोकळा होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार तक्रारीत विक्रेता आणि उत्पादक दोघांनाही सामनेवाले, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते, करता येतं.

‘नवी गाडीच बदलून द्या’ असं म्हटलं की ती मिळतेच, हाही गैरसमजच. ग्राहक आयोग आधी पाहतो, दोष मुळातला आहे की दुरुस्त होण्याजोगा. तिथे सगळी मदार जॉब कार्डावर, म्हणजे गाडी सर्व्हिसिंगला देताना तक्रार लिहितात त्या कागदावर. सर्व्हिस अॅडव्हायझर हमखास ‘जनरल चेकअप’ लिहितो. ते खोडायला लावा. ‘थंड इंजिन, तिसरा गिअर, 40 च्या वेगाला डाव्या बाजूने आवाज’ असं नेमकं लिहून घ्या, किलोमीटर आणि तारखेसकट. प्रत घरी आणा. मीटर दिसेल असा व्हिडिओही काढा. गाडी परत घेताना आवाज तसाच असेल, तर ‘समाधानकारक’वर मुकाट्याने सही करू नका, ‘तक्रार कायम’ लिहून मगच करा.

तोच दोष पुन्हा आला की डीलर आणि कंपनी दोघांनाही लेखी कळवा. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो, पण तिथून आदेश निघत नाही. तो जिल्हा आयोगाकडूनच मिळतो. तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार चालते, 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही. मुदत मात्र 2 वर्षांची.