“ताई, आज काय शिकवलं?”

दुपारी बाराला आमच्या बालवाडीच्या दाराशी चपलांची गर्दी झाली की हा प्रश्न हमखास येतो. नव्या पालकांसाठी त्याचं नीट उत्तर इथे देत आहोत.

मागच्या पावसाळ्यात तीन वर्षांचा एक मुलगा आमच्याकडे आला. चार दिवस तो उंबऱ्यातच बसून होता. पाचव्या दिवशी पागोळीखालच्या बादलीशी गेला आणि वाटीने तांब्यात पाणी ओतू लागला. तांब्या भरला की रिकामा करायचा, सांडलं की फडक्याने पुसायचं, पुन्हा भरायचं. पाऊण तास हेच चाललं होतं. ताई शेजारी बसून होत्या, मध्ये एक शब्द बोलल्या नाहीत. शेवटी तोच म्हणाला, “आता अजून ओतलं तर सांडणार.” दुसऱ्या दिवशी ताईंनी बादलीशेजारी एक बाटली आणि नरसाळं ठेवून दिलं. मुलाचं लक्ष कुठे आहे ते पाहायचं आणि पुढची वस्तू त्याच्या हाताशी ठेवायची, हे आमचं शिकवणं.

मुलाच्या कलाने घेतो म्हणजे वाटेल ते करू देतो, असं नाही. घेतलेली वस्तू जागेवर ठेवायची आणि दुसऱ्याच्या हातातलं ओढायचं नाही, हे दोन नियम सगळ्यांना, ताईंनाही.

ही पद्धत आपल्या मातीत रुजलेली आहे. 1945 मध्ये ताराबाई मोडकांनी बोर्डीला, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, लहान मुलांच्या शिक्षणाचं काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून शंख-शिंपले, बिया, पानं हीच साधनं झाली. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ तिथली. आमच्या टोपलीतल्या चिंचोक्यांकडे पाहताना हे आठवावं, एवढी विनंती.

“लिहायला कधी घेणार?” या वयात मनगटातली बरीचशी हाडं अजून कूर्चेचीच, म्हणजे मऊ, असतात. तेव्हा पेन्सिल दाबून ‘अ’ गिरवण्याआधी कणीक मळणं, मटार सोलणं, शर्टाची बटणं लावणं, चिमट्याने चिंचोके उचलणं हवं. बोटांत बळ आलं की मूल स्वतःच खडू मागतं. त्या दिवशी आम्ही खडू देतो, आदल्या दिवशी नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा मानून खेळातून शिकण्यावरच भर आहे.

ही बालवाडी आपल्या सगळ्यांची आहे, म्हणून महिन्यातली एक सकाळ घरातल्या कुणीतरी इथे द्यावी. एक आजी सुपात तांदूळ पाखडून दाखवतात. चेंदणी कोळीवाड्यातल्या एका आजोबांनी जाळ्याची गाठ मारून दाखवली, तर आठवडाभर इथली प्रत्येक दोरी कशाला ना कशाला बांधलेली होती! घरी जी भाषा बोलता तीच इथेही बोला. आगरी, मालवणी, हिंदी, मुलांना सगळं चालतं.

वेळ सकाळी नऊ ते बारा. पहिला आठवडा एकच तास, आणि घरचं माणूस सोबत बसेल. मळले तरी चालतील असे कपडे घाला, एक जोड पिशवीत ठेवा. डब्यात पोळी-भाजी द्या, पाकिटातला खाऊ नको.

प्रवेश घेण्याआधी कुठल्याही मंगळवारी येऊन कोपऱ्यात तासभर बसा. फोन मात्र पर्समध्येच राहू द्या.