ऑरिक वेगळं, स्मार्ट सिटी वेगळी: टेलिकॉम कंपनी दोन्हीकडे नेमकं काय करते?

जालन्याचे आमचे एक काका परवा म्हणाले, "तुमच्या स्मार्ट सिटीत एवढाले कारखाने यायलेत, मग शहरात पाणी आठ-आठ दिवस का येत नाही?" काकांचा प्रश्न रास्त आहे. फक्त त्यांनी दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या. छत्रपती संभाजीनगरात हा घोळ सगळेच घालतात, कारण एकाच गावाच्या नावावर दोन ‘स्मार्ट सिटी’ आहेत. त्या दोन्हींत मोबाइल आणि इंटरनेट कंपन्यांचं काम जवळजवळ उलटं आहे.

पहिली म्हणजे ऑरिक. दिल्ली-मुंबई इंडस्ट्रियल कॉरिडॉरमध्ये कोऱ्या जमिनीवर उभी राहत असलेली औद्योगिक नगरी, सुमारे १०,००० एकरांची. एक तुकडा जालना रोडला शेंद्र्यात, दुसरा आणि मोठा पैठण रोडला बिडकीनला. शेंद्र्यातल्या ऑरिक हॉलचं उद्घाटन सप्टेंबर २०१९ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते झालं. टोयोटा, एथर, ह्योसंग ही जी नावं पेपरात येतात ती इथली. कारभार महापालिकेचा नाही. त्यासाठी एमआयडीसी आणि केंद्राची औद्योगिक कॉरिडॉर यंत्रणा यांच्या भागीदारीतली वेगळी कंपनी आहे.

दुसरी म्हणजे आपलं जुनं, राहतं शहर. जून २०१५ मध्ये केंद्राने स्मार्ट सिटीज मिशन काढलं, १०० शहरं निवडली. सप्टेंबर २०१६ च्या यादीत नाशिक, नागपूर, ठाणे, कल्याण-डोंबिवली यांच्याबरोबर आपला नंबर लागला. मराठवाड्यातून आपण एकटेच. त्यातून सिटी बस आली, चौकाचौकांत कॅमेरे आले, कंट्रोल रूम आली, शहराच्या ऐतिहासिक दरवाज्यांची डागडुजी झाली. मुदतवाढीवर मुदतवाढ घेत ३१ मार्च २०२५ ला मिशन संपलं.

आता टेलिकॉमकडे येऊ. नवीन घर बांधताना प्लास्टरच्या आधी भिंतीत वायरिंगचे पाइप टाकणं आणि दीडशे वर्षांच्या वाड्यात भिंत फोडून पाइप घालणं, एवढा फरक या दोन ठिकाणच्या कामात आहे. ऑरिकमध्ये रस्ता होतानाच वीज, पाणी, सांडपाणी आणि फायबर (प्रकाशावर डेटा नेणारी काचेची तार) या सगळ्यांची सोय जमिनीखालून केली जाते, प्लॉट नंतर विकला जातो. टेलिकॉम कंपनी येते तेव्हा बरंचसं खोदकाम झालेलं असतं. आपली केबल आत सारायची आणि गिऱ्हाईक शोधायचं, एवढंच तिच्याकडे उरतं.

‘सारायची’ हे नुसतं म्हणायला नाही. जमिनीत जी नळी असते तिला या धंद्यात पीएलबी पाइप म्हणतात, बाहेरून ४० मिलिमीटर, आतून ३३. आतल्या बाजूने ती मुद्दाम गुळगुळीत केलेली असते. तोंडाशी कॉम्प्रेसर लावून हवेच्या जोरावर फायबरची केबल आत सोडतात. नळी धड असेल तर एका दमात किलोमीटरभर केबल पुढे जाते. नळी चेपलेली असली किंवा चेंबरमध्ये चिखल भरला असला, की तीच केबल पन्नास मीटरवर अडते आणि मग खोदाई आलीच. म्हणून नळी कुणी टाकली, कशी टाकली आणि ती कुणाच्या मालकीची आहे, यावर पुढचं सगळं ठरतं. माझ्या मते दोन्ही स्मार्ट सिटींमधला खरा फरक इथेच आहे, कॅमेऱ्यांच्या संख्येत नाही.

शहरात नळी टाकायची तर आधी जमिनीचा मालक शोधा. महापालिकेचा रस्ता वेगळा, सार्वजनिक बांधकामचा वेगळा, हायवेचा वेगळा. छावणीत गेलात की कँटोन्मेंट. वाळूज, चिकलठाण्याला एमआयडीसी. बिबी का मकबऱ्याजवळ पुरातत्त्व विभाग: संरक्षित वास्तूपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढे आणखी २०० मीटरपर्यंत परवानगीचा जाच. ऑरिकमध्ये या सगळ्यांच्या जागी बहुतेक एकच टेबल असतं. कारखानदार तिकडे का धावतात याचं अर्धं उत्तर या एका टेबलात आहे.

परवानग्या सुटसुटीत करण्याचे प्रयत्न झालेत, ते नाकारून चालणार नाही. २०२२ मध्ये गतिशक्ती संचार नावाचं ऑनलाइन पोर्टल आलं. त्याच वर्षी नियम बदलून दिव्याच्या खांबावर, बसथांब्यावर छोटे ५जी अँटेना लावण्याचे दर बांधून दिले: शहरात खांबामागे वर्षाला ३०० रुपये, ग्रामीण भागात १५०. दूरसंचार कायदा, २०२३ खालचे मार्गाधिकाराचे, म्हणजे दुसऱ्याच्या जागेतून केबल नेण्याच्या हक्काचे, नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले. मार्च २०२३ पासून ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अ‍ॅपही आहे. खोदणाऱ्याने आधी त्यावर कळवायचं, म्हणजे खाली ज्याची केबल आहे तो सावध होतो.

पण जेसीबीवाल्याच्या मोबाइलमध्ये हे अ‍ॅप असेल तर शपथ. जायकवाडीहून येणाऱ्या नव्या पाणी योजनेची पैठण रोडची मोठी पाइपलाइन अडीच मीटर व्यासाची, ती सगळ्यांना दिसते. शहराच्या आतल्या जलवाहिन्यांसाठी गल्लोगल्ली जी खोदाई झाली ती मात्र फायबरच्या मुळावर आली. फायबरची नळी खरं तर जवळजवळ १.६५ मीटर खोल असावी असा दंडक आहे. गल्लीत खडक लागला की ठेकेदार ती हातभर खोलीवर ठेवून मोकळा होतो, आणि पुढच्या वर्षी जेसीबीचा पहिलाच दात तिला लागतो.

आमच्या चौकात गेल्या पावसाळ्यात हेच झालं. नेट गेलंच, वर खांबावरचा कॅमेराही आंधळा झाला. दुपारी दोन पोरं आली, खड्ड्याशेजारी पालथ्या क्रेटवर फायबर जोडायचं स्प्लायसिंग मशिन मांडलं, एकाने वर छत्री धरली. केबल सोलली की आतून केसासारख्या बारीक काचा निघतात, त्यांवर रंग: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, मग राखाडी. निळ्याला निळा, नारिंगीला नारिंगी. एकेक काच कापायची, पुसायची, मशिनमध्ये ठेवायची. ठिणगी पडते, पडद्यावर जोडाचं नुकसान डेसिबलमध्ये येतं. आकडा जास्त आला की पोरगा तोच जोड तोडून पुन्हा करायचा. अशा २४ काचा, म्हणजे कोर, जोडायला संध्याकाळ झाली. तेवढा वेळ कॅमेऱ्याच्या नावाने शिव्या मात्र ‘स्मार्ट सिटीवाल्यांनी’ खाल्ल्या.

कॅमेऱ्याला फायबरच का लागतं, सिम का चालत नाही, हा प्रश्न नेहमी येतो. हिशेब साधा आहे. समजा ५०० कॅमेरे आहेत आणि प्रत्येकाचं चित्र ४ एमबीपीएस (सेकंदाला ४ मेगाबिट) खातं. झाले २,००० एमबीपीएस, म्हणजे २ जीबीपीएस, तेही रात्रंदिवस आणि खालून वर, कंट्रोल रूमकडे. घरचं नेट उलट वरून खाली जास्त चालतं, आणि मोबाइल टॉवरही बहुतांशी तसेच आखलेले असतात. शिवाय गणपतीत किंवा कर्णपुऱ्याच्या यात्रेत, नेमकी पोलिसांना कॅमेऱ्याची गरज असते तेव्हाच, टॉवरवर हजारो लोकांचे फोन लटकलेले असतात. बसचं तसं नाही. बस कुठे आहे एवढं सांगायला चिमूटभर डेटा पुरतो, तिथे सिम उत्तम. यंत्रांसाठी वेगळे १३ आकडी नंबर आहेत ते अशाच कामाला. वीजमीटर, पाण्याचे सेन्सर, पथदिवे ही त्याच जातीची गिऱ्हाइकं.

म्हणजे जुन्या शहरात टेलिकॉम कंपनीकडे दोन कामं येतात: चौकांना फायबर भाड्याने देणं आणि फिरत्या, विखुरलेल्या यंत्रांना सिम देणं. करार मात्र बहुतेकदा थेट तिच्याशी होत नाही. मधे मास्टर सिस्टिम इंटिग्रेटर नावाचा मोठा ठेकेदार असतो. कॅमेरे, सॉफ्टवेअर, कंट्रोल रूम सगळं तो जुळवतो आणि बँडविड्थ, म्हणजे डेटा वाहून नेण्याची क्षमता, टेलिकॉम कंपनीकडून विकत घेतो. नागरिकाने तक्रार कुणाकडे करायची, तर कुणालाच धड ठाऊक नसतं.

यातली अडचण आता मिशन संपल्यावर जाणवायला लागली आहे. मिशनचा पैसा मुख्यतः उभारणीचा होता, केंद्राकडून एका शहराला पाच वर्षांत ५०० कोटी आणि तेवढाच वाटा राज्य व पालिकेचा. बँडविड्थचं बिल मात्र दर महिन्याचं. कॅमेरा एकदा घेतला की घेतला, त्याची तार मात्र जन्मभर भाड्याची. महापालिकेने स्वतःच्या नळ्या टाकल्या असत्या तर भाडं घेणारी ती असती. त्यासाठी दूरसंचार विभागाची आयपी-१ नोंदणी लागते. त्या नोंदणीवर नळी, टॉवरची जागा आणि न पेटवलेलं फायबर भाड्याने देता येतं, पण त्यात प्रकाश सोडून इंटरनेट विकता येत नाही. ते काम परवानाधारक कंपनीचंच. म्हणून नळी शहराची झाली तरी कंपनी हद्दपार होत नाही. ती भाडेकरू होते, इतकंच.

ऑरिकमध्ये आज जवळपास हेच चित्र आहे, आणि तिथे कंपन्यांना वेगळीच ओढ आहे. कारखान्यांना स्वतःचं बंदिस्त ५जी हवं असतं, ज्यात यंत्रमानव, फोर्कलिफ्ट, कॅमेरे सगळे आवाराबाहेरच्या गर्दीपासून वेगळे चालतील. अशा खाजगी जाळ्यांसाठी दूरसंचार विभागाने जून २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. टेलिकॉमवाल्यांना गुलमंडीतल्या चार हजार घरगुती ग्राहकांपेक्षा बिडकीनचा एक मोठा कारखाना गोड वाटतो तो यामुळे. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, धंदा आहे. पण जुन्या शहराला सेवा देताना त्यांचा हात आखडता का असतो हे त्यावरून समजतं.

काकांना हे सगळं सांगितल्यावर त्यांनी विचारलं, "मग आमच्या जालन्याचं काय?" जालना २०२३ मध्ये महापालिका झाली. लातूर, नांदेड, परभणी आधीच होत्या. यांपैकी एकही मिशनमध्ये नव्हती. पण सिमेंटचे रस्ते सगळीकडे होताहेत, आणि सिमेंट पडलं की पुढची पंधरा-वीस वर्षं तो रस्ता फोडायला कुणी धजत नाही. तेव्हा नगरसेवकाला, अभियंत्याला गाठून एवढंच विचारायचं: या रस्त्याच्या अंदाजपत्रकात रिकाम्या नळ्या धरल्या आहेत का, किती धरल्या, चेंबर किती अंतरावर आहेत आणि त्यांचा नकाशा कुणाकडे राहणार. नकाशाचं विसरू नका, कारण नळ्या असतात पण त्या कुठून गेल्या हे त्या ठेकेदाराच्या मुकादमालाच माहीत असतं, आणि तो मुकादम तोवर दुसऱ्या साइटवर गेलेला असतो.