डी.फार्म.चं 500 तासांचं प्रशिक्षण: अर्ज, करारपत्र आणि दुकानाची निवड

डी.फार्म. म्हणजे फार्मसीचा दोन वर्षांचा डिप्लोमा; तो मिळायला शेवटी दुकानात किंवा रुग्णालयात प्रशिक्षण घ्यावं लागतं. दुसऱ्या वर्षाची परीक्षा झाली की बरीच मुलं निकालासाठी थांबतात. तशी गरज नाही. परीक्षेला बसलेला विद्यार्थी प्रशिक्षणाला पात्र असतो. मुदत किमान 3 महिने, तास 500, आणि त्यातले निदान 250 तास प्रत्यक्ष डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधं देण्याचे. आठवड्याची सुटी धरली तर रोज साधारण साडेसहा तास पडतात.

प्राचार्यांच्या नावे अर्ज केला की कॉलेजातून करारपत्र तीन प्रतींत मिळतं. आपला भाग आपण भरायचा, प्रशिक्षकाचा भाग फार्मासिस्टने. पहिली प्रत कॉलेजात जमा होते, उरलेल्या दोन प्रशिक्षण संपेपर्यंत प्रशिक्षकाकडे किंवा तुमच्याकडे राहतात.

सरकारी रुग्णालय, महापालिकेचा दवाखाना किंवा परवानाधारक मेडिकल चालतं. मेडिकलमध्ये भिंतीवरचे फॉर्म 20 आणि 21 चे, म्हणजे किरकोळ औषधविक्रीचे परवाने पाहून घ्या, फार्मासिस्टची नोंदणीही पाहा. एकच नोंदणीकृत फार्मासिस्ट असेल तर दोनच विद्यार्थी घेता येतात. पुण्यात सदाशिव पेठेतल्या घाऊक दुकानांत ओळखीने सहज जागा मिळते, पण तिथे पेशंटची चिठ्ठी येत नाही. मग 250 तास भरणार कुठून?

म्हणून दुकान घराजवळचं आहे का, यापेक्षा तिथला फार्मासिस्ट स्वतः काउंटरवर उभा राहतो का, हे बघा. माझ्याकडे प्रशिक्षणाला आलेल्या एका मुलीने आधीच्या दुकानात तीन आठवडे नुसते खोके उतरवले होते. आमच्याकडे दुसऱ्याच दिवशी एक आजी बीपीच्या गोळ्यांची दोन पाकिटं घेऊन आल्या. नावं वेगळी, औषध एकच, आणि आजी दोन्ही घेत होत्या. मुलीने पाकिटांवरचं बारीक अक्षर वाचलं आणि तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. मला फार बरं वाटलं.

एच-वन रजिस्टर, म्हणजे काही अँटिबायोटिक्स, टीबीची आणि सवय लावणारी औषधं अशा एच-वन यादीतल्या औषधांच्या विक्रीची नोंदवही, स्वतः लिहायला मागा: डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि दिलेली संख्या. हे रजिस्टर 3 वर्षं जपावं लागतं.

तास पुरे झाले की प्रशिक्षकाचा दाखला कॉलेजात द्यायचा. डिप्लोमा हाती आल्यावर महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलकडे नोंदणीचा अर्ज करता येतो. एक्झिट परीक्षेबाबत, म्हणजे डिप्लोमानंतर नोंदणीसाठी द्यायच्या परीक्षेबाबत, त्या वेळी काय लागू आहे, तेही तिथेच विचारून घ्या. आणि रोजच्या तासांची वही ठेवून सही त्याच दिवशी घ्या, शेवटच्या आठवड्यात नको.