नैसर्गिक मारक पेशी

नैसर्गिक मारक पेशी (नॅचरल किलर किंवा एनके पेशी) : विषाणू शिरलेल्या किंवा कर्करोगाकडे झुकलेल्या पेशींना आधीची ओळख नसतानाही मारणाऱ्या लसीका पेशी (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार). रक्तातील लसीका पेशींत त्यांचा वाटा साधारण ५ ते १५ टक्के असतो. १९७५ च्या सुमारास स्टॉकहोममध्ये रॉल्फ किसलिंग व सहकाऱ्यांनी आणि अमेरिकेत रोनाल्ड हर्बरमन यांच्या गटाने त्या स्वतंत्रपणे ओळखल्या.

आधीची ओळख नाही, तर शत्रू कळतो कसा? याचे उत्तर स्वीडिश शास्त्रज्ञ क्लास कारे यांनी १९८० च्या दशकात मांडले. निरोगी पेशीच्या अंगावर एमएचसी वर्ग १ ची, म्हणजे पेशीच्या आतले तुकडे बाहेर मांडून दाखवणारी, प्रथिने असतात. टी पेशी (ठरावीक शत्रू ओळखून लढणाऱ्या दुसऱ्या लसीका पेशी) त्यांच्यावर मांडलेले विषाणूचे तुकडे पाहून पेशी बाधित असल्याचे ओळखतात. म्हणून कित्येक विषाणू ही प्रथिनेच दडवतात. टी पेशी फसतात, पण एनके पेशी नेमक्या तिथेच येतात. दिवेलागणीला ज्या घरात दिवा दिसत नाही, त्याच घराची कडी वाजवणाऱ्या गावच्या जागल्यासारखे हे काम. अर्थात नुसता अंधार पुरत नाही. तांबड्या रक्तपेशींवर ही प्रथिने जवळजवळ नसतात, तरी त्या मारल्या जात नाहीत. घरातून धूरही यावा लागतो, म्हणजे पेशीवर ताणाच्या खुणा दिसाव्या लागतात.

खूण पटली की एनके पेशी परफोरिन या प्रथिनाने बाधित पेशीच्या पटलाला भोके पाडते आणि ग्रॅन्झाइम ही विकरे आत सोडते. पेशी आतून मोडते. शिवाय इंटरफेरॉन-गॅमा हे संदेश देणारे प्रथिन स्रवून ती भक्षक पेशींना चेतवते. संसर्गाच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत हे काम जोरात चालते. त्या विषाणूला नेमक्या ओळखणाऱ्या टी पेशींची फौज उभी राहायला आठवडाभर लागतो, तोवरची खिंड या पेशी लढवतात.

त्यांचे महत्त्व सर्वांत स्पष्ट दिसते ते हर्पिस कुळातल्या विषाणूंत. १९८९ मध्ये अमेरिकेत एनके पेशी नसलेल्या एका किशोरवयीन मुलीची नोंद झाली. तिला कांजिण्या, सायटोमेगॅलो आणि हर्पिस सिम्प्लेक्स या विषाणूंनी एकामागून एक गंभीर आजारी पाडले. सायटोमेगॅलो विषाणू तर लबाडच. तो एमएचसीसारखे दिसणारे स्वतःचे प्रथिन पेशीवर चढवतो, म्हणजे खोटा दिवा टांगतो. कांजिण्यांचाच विषाणू मज्जातंतूंच्या गाठींत दबा धरून पुढे नागीण होऊन उठतो. त्याला दाबून ठेवण्याचा मुख्य भार मात्र टी पेशींवर असतो. (विळखा पूर्ण झाला की माणूस दगावतो, ही समजूत निराधार आहे, नागीण बहुधा अंगाच्या एकाच बाजूला राहते.)

मराठवाड्यात या पेशींची गाठ वारंवार पडते ती डेंग्यूच्या विषाणूशी. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येणाऱ्या गावांत हौद, रांजण, बॅरल भरून ठेवणे भागच असते, आणि एडिस डास घरच्या अशाच साठ्यात अंडी घालतो. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. टंचाईचा प्रदेश डासांपासून सुरक्षित असतो, हा भ्रम इथे टिकत नाही. डेंग्यूची चाल वर सांगितलेल्या विषाणूंच्या उलटी आहे. तो एमएचसी वर्ग १ ची प्रथिने वाढवतो. घराघरात जादा दिवे लावले की जागल्या पुढे निघून जातो. टी पेशींना दिसण्याची जोखीम पत्करून तो सुरुवातीचे दिवस साधतो, असे मानले जाते.

तापाच्या दिवसांत ‘पांढऱ्या पेशी कमी झाल्या’ हे वाक्य इकडे घरोघर ऐकू येते. बोलणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा प्लेटलेट असतात, आणि त्या रक्त साकळवणाऱ्या चकत्या आहेत. पपईच्या पानांचा रस पाजतात तोही प्लेटलेटसाठीच. एनके पेशी खरोखर पांढऱ्या पेशींत मोडतात, पण तालुक्याच्या लॅबमधल्या सीबीसीत (रक्तपेशी मोजण्याच्या नेहमीच्या तपासणीत) त्या लसीका पेशींच्या एकाच आकड्यात मिसळलेल्या असतात. वेगळ्या मोजायच्या तर फ्लो सायटोमेट्री (पेशींवरच्या खुणा ओळखून त्या मोजणारी यंत्राची तपासणी) लागते, आणि डेंग्यूच्या उपचारात त्या मोजणीची गरज पडत नाही.