घर्षण

घर्षण : एकमेकांना टेकलेल्या दोन पृष्ठभागांच्या सापेक्ष हालचालीला, किंवा तशी हालचाल होऊ पाहत असताना तिला, होणारा विरोध. शब्द ‘घृष्’ (घासणे) ह्या संस्कृत धातूवरून आला आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील मराठी शाळांत ‘घर्षण’ शिकवतात आणि शेजारच्या कन्नड वर्गात ‘घर्षणे’. कन्नडमध्ये हाच शब्द चकमक, तंटा ह्या अर्थीही चालतो. मराठीत त्यासाठी ‘संघर्ष’ आहे.

पाठ्यपुस्तकांत स्थितिक, गतिक, लोटण (लोळण्यातले) आणि द्रायू (द्रव-वायूंतले) असे चार प्रकार सांगतात. ही वर्गवारी वस्तूंची नसून संपर्काची आहे, हे मात्र सांगायचे राहते. उसाच्या हंगामातील बैलगाडीत चारही प्रकार सापडतात. बैलाचा खूर न घसरता जमिनीला रेटा देतो, तो स्थितिक घर्षणामुळे. जुन्या लाकडी चाकाचा तुंबा (मधला भाग) आसावर घासत फिरतो, तेथे गतिक घर्षण; वंगणाचा सलग थर मध्ये आला की त्याची जागा द्रायू घर्षण घेते. लोखंडी धाव (चाकावरची पट्टी) रस्त्यावर लोळते, तेथे लोटण. टायरची गाडी हलकी चालते ह्याचे श्रेय बहुधा टायरला दिले जाते. आसावर बेअरिंग आल्याने तेथले घासणे लोळण्यात बदलले, हे कारणही तितकेच मोठे आहे.

स्थितिक घर्षणाचे मूल्य ठरलेले नसते. लावलेल्या बलाबरोबर ते एका कमाल मर्यादेपर्यंत वाढते. मर्यादा ओलांडली की वस्तू सरकते आणि सामान्यतः त्याहून कमी असलेले गतिक घर्षण उरते. लोटण घर्षण हे खरे तर घासणे नव्हेच. चाक व जमीन टेकतात तेथे दोन्ही किंचित दबतात आणि दबताना गेलेली ऊर्जा पूर्ण परत मिळत नाही. काळ्या रानात धाव रुतते आणि गाडी जड होते ती ह्यामुळे. चाक न घसरता लोळते तेव्हा टेकलेला बिंदू क्षणभर स्थिर असतो, म्हणून पकड स्थितिक घर्षणाचीच असते. लोंढ्यापुढे कॅसलरॉक ते कुळे ह्या ब्रागांझा घाटात रेल्वेचा चढ ३७ ला १ आहे. अशा चढावर इंजिनाचे चाक जागीच फिरू लागले, तर पकड परत मिळवण्यासाठी रुळावर वाळू सोडतात.

घर्षणाच्या नियमांच्या जनकत्वाविषयी मतभेद आहेत. हालणारी वस्तू पुढे ढकलणे स्थिर वस्तू हलवण्यापेक्षा सोपे, हे निरीक्षण चौथ्या शतकातील ग्रीक तत्त्वज्ञ थेमिस्टियसचे मानतात. लिओनार्दो दा विंचीच्या साधारण १४९३ पासूनच्या टिपणांत घर्षण भाराच्या प्रमाणात असते व टेकलेल्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते, हे दोन्ही नियम सापडतात. घर्षण भाराच्या एक चतुर्थांश असते असे त्याने धरले. टिपणे अप्रकाशित राहिली. फ्रेंच शास्त्रज्ञ गियोम आमाँताँने १६९९ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे तेच नियम स्वतंत्रपणे मांडले; त्याचे प्रमाण एक तृतीयांश होते. त्यामुळे शोध लिओनार्दोचा आणि प्रस्थापना आमाँताँची, असे म्हणणे अधिक सयुक्तिक. स्थितिक-गतिक भेदाचे श्रेय काही जण कूलंबला (१७८५) देतात. तथापि ऑयलरने तो आधीच गणिताने मांडला होता. कूलंबचे काम विस्तृत प्रयोगांचे आहे, आणि गतिक घर्षण वेगावर फारसे अवलंबून नसते हा नियम त्याच्या नावे आहे.

कारणाचा वाद जुना आहे. खडबडीतपणाची टोके एकमेकांत अडकतात, हे मत कूलंबपर्यंत प्रबळ होते. उलट देसागुलिये ह्याने १७२५ च्या सुमारास शिशाचे ताजे कापलेले गोळे दाबून चिकटवून दाखवले. बाउडन व टेबर ह्यांच्या विसाव्या शतकातील कामानंतर आसंजनाची (पृष्ठभाग एकमेकांना चिकटण्याची) बाजू बळकट झाली: पृष्ठभाग प्रत्यक्षात काही टोकांवरच टेकतात आणि ते खरे क्षेत्रफळ भाराबरोबर वाढते. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील मशीनशॉपमध्ये स्लिप गेज (अचूक मापाचे ठोकळे) हाताळणाऱ्याला हे पटवावे लागत नाही. अत्यंत गुळगुळीत असे दोन गेज एकमेकांवर फिरवून बसवले की सुटता सुटत नाहीत.

द्रायू घर्षणाला वरील नियम लागत नाहीत. ते वेगावर, क्षेत्रफळावर आणि श्यानतेवर (दाटपणावर) अवलंबून असते. वंगणाच्या थराचे गणित ऑसबर्न रेनल्ड्सने १८८६ मध्ये मांडले. तापमान उतरले की तेल दाटते, म्हणून थंडीतल्या पहाटे जड वाटणारे चाक ऊन चढल्यावर हलके फिरते.