गुडघ्याची वाटी पुन्हा सरकेल का? एका अंदाजाची पार्श्वभूमी

शिवाजी पार्कात खो-खोचा सराव चालू असतो. पळणारी मुलगी हुलकावणी देऊन वळते. पाऊल मातीत रोवलेलं, गुडघा किंचित वाकलेला, मांडी आत फिरते आणि वाटी बाहेरच्या अंगाला सरकते. पाय सरळ केला की बहुतेक वेळा ती आपली आपणच जागेवर बसते. दवाखान्यात पोचेपर्यंत फक्त सूज उरते, एक्स-रेत हाड मोडलेलं नसतं, आणि ‘लचकलाय’ म्हणून क्रेप बँडेज बांधून घरी पाठवलं जातं. आईचा प्रश्न मात्र तसाच राहतो: परत असं होईल का?

वैद्यकशास्त्राने या प्रश्नाला फार उशिरा हात घातला. स्वित्झर्लंडमधल्या लोझानचे शल्यविशारद सेझार रू यांनी सतत निखळणाऱ्या वाटीवरची शस्त्रक्रिया 1888 मध्येच मांडली होती. 1938 मध्ये हाउझर या शल्यविशारदांनी नडगीवरचा उंचवटा, म्हणजे वाटीखालची दोरीसारखी कंडरा जिथे रुजते ती जागा, कापून सरकवण्याची पद्धत आणली. वाढत्या वयात हीच शस्त्रक्रिया अंगाशी आली: तिथली वाढीची चकती, म्हणजे हाड जिथून वाढतं तो कूर्चेचा थर, पुढून बंद झाली की गुडघा मागच्या बाजूला वाकू लागे. एवढं सगळं होत असताना, मुळात कोणाची वाटी पुन्हा सरकणार हे आधी ओळखण्याचं साधन हाती नव्हतंच.

ते फ्रान्समधल्या ल्यों शहरात मिळालं. आंरी दजूर आणि जिल वॉल्श या शल्यविशारदांनी 1987 मध्ये गुडघ्याच्या अगदी काटेकोर बाजूच्या एक्स-रेवर बोट ठेवलं. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाचे दोन्ही गोलाकार उंचवटे एकमेकांवर बरोबर बसतील असा फोटो काढला, तर वाटी ज्या खाचेतून सरकते तिचा तळ एका पांढऱ्या रेषेसारखा दिसतो. ती रेषा पुढच्या कडेला छेदून गेली, तर खाच तिथे सपाट झालेली असते. 1994 च्या त्यांच्या अभ्यासात वाटी निखळलेल्यांपैकी 96 टक्के जणांत खाचेचा हा दोष होता. म्हणजे दोष बहुधा पडण्यात नव्हता, घडणीत होता. मला या सगळ्या इतिहासातलं हे सर्वांत मोलाचं पाऊल वाटतं, कारण त्याला महागडं यंत्र लागत नाही, नीट काढलेला एक फोटो लागतो.

अमेरिकेतल्या सॅन डिएगोच्या 2004 च्या पाहणीत पहिल्यांदा वाटी निखळलेल्यांपैकी 17 टक्के जणांना दोन ते पाच वर्षांत पुन्हा तोच त्रास झाला. आधीचा इतिहास असलेल्यांत हे प्रमाण 49 टक्के होतं. मुलांचं चित्र जास्त गंभीर निघालं. फिनलंडमध्ये 16 वर्षांखालच्या मुलांवरच्या चाचणीचे दीर्घकाळाचे निष्कर्ष 2008 मध्ये आले: शस्त्रक्रियेविना 71 टक्के, वाटीला आतून धरणाऱ्या अस्थिबंधाचे फाटलेले धागे लगेच शिवूनही 67 टक्के मुलांची वाटी पुन्हा निखळली. सरसकट सगळ्यांना शिवण्यात अर्थ नाही, हे त्यातून कळलं. मग निवड कशी करायची?

2013 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयाच्या अभ्यासात वाढ चालू आणि खाच उथळ, असं दोन्ही असलेल्या मुलांत हे प्रमाण 69 टक्के दिसलं. 2017 मध्ये तिथल्याच सिनसिनाटी शहरातल्या डॉक्टरांनी चार गोष्टी एकत्र मांडल्या: उथळ खाच, दुसऱ्या गुडघ्याची वाटी आधी सरकलेली असणं, वाटी फार उंच बसलेली असणं आणि वाढीच्या चकत्या उघड्या, म्हणजे वाढ अजून चालू असणं. दोन असतील तर धोका सुमारे 55 टक्के, तीन असतील तर 75, चारही असतील तर 88.

मेयो आणि सिनसिनाटीचे हे आकडे परदेशी रुग्णालयांतल्या जुन्या नोंदींवरून काढलेले आहेत, म्हणून आपल्या मुलांना ते तंतोतंत लावू नयेत. पण ‘दुसरा गुडघा कधी सटकला होता का?’ हे विचारायला पैसे पडत नाहीत, आणि गर्दीच्या ओपीडीतही ते विचारलंच पाहिजे.

हाडाचा-कूर्चेचा तुकडा सुटून सांध्यात पडला असेल, तर या अंदाजाची वाट न पाहता शस्त्रक्रियेचा विचार होतो. तुकडा नसेल आणि धोका कमी असेल, तर ब्रेस, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम आणि फिजिओने हिरवा कंदील दाखवला की मैदान. धोका जास्त असेल तर वाटीला आतून धरणारा अस्थिबंध नव्याने बांधायची चर्चा लवकर सुरू होते. मुलांत त्यासाठीचं छिद्र वाढीच्या चकतीला धक्का न लावता पाडावं लागतं.